काकांनी लावलेला क्रम

माया आणि लुडबूड या सख्ख्या बहिणी. एकीला बोलावलं की दुसरी न सांगता मागोमाग येते, आणि बसायला पुढची खुर्ची तीच घेते. आत्याला हे कळायला सत्तावन्न वर्षं लागली, आणि कळलं तेही दुपारी सव्वातीनला, दारात बूट काढता काढता.

सकाळी सहापासून ती ऑपरेशन थिएटरमध्ये उभी होती. तिसऱ्या ऑपरेशनला गॉजचा एक तुकडा मोजणीत कमी भरला, तेव्हा पेशंटला टाके घालायचं थांबवून सगळ्यांनी वीस मिनिटं बादल्या उपसल्या, आणि शेवटी तो सापडला एका शिकाऊ डॉक्टरच्या बुटाखाली. त्या बुटाला काय काय म्हणावं याचा विचार करत ती तीन जिने चढून आली होती. आता तिला फक्त चहा हवा होता, आणि संध्याकाळचे सहा वाजायला हवे होते. सहा वाजता भाचीची, म्हणजे टाचणीची, यादी बंद होणार होती, डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणाला कुठलं हॉस्पिटल आधी आणि कुठलं नंतर याची. एकदा बंद झाली की घरातली तोंडंही बंद होतील, अशी तिची भाबडी आशा.

"झालं एकदाचं," स्वयंपाकघरातून दादांचा आवाज आला.

आवाजात समाधान होतं. दादांच्या समाधानाला आत्या लहानपणापासून भ्यायची.

"काय झालं?"

"फॉर्म. टाचणीचा. पोरीनं क्रम सगळा उलटा लावला होता. सरळ करून दिला. बटणही दाबून टाकलं."

आत्याचा एक पाय बुटातच राहिला.

दादा थोरले. एकतीस वर्षं त्यांनी कॉलेजप्रवेशाच्या कार्यालयात काढली, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. घरातून बाहेर पडणारा कुठलाही कागद त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पाकिटात पडत नसे. आत्या नर्स म्हणून या परक्या देशात आली, तो अर्जही दादांनीच भरलेला होता. त्यामुळे त्यांच्यावर ओरडायचं झालं की तिला अर्धं तोंड मिटून ओरडावं लागे, आणि अर्ध्या तोंडानं ओरडलेलं पोटात साचतं. सहा आठवड्यांपूर्वी दादा आणि वारलेल्या धाकट्या भावाची बायको, म्हणजे टाचणीची आई, वहिनी, 'पोरीच्या निकालाला आपलं माणूस जवळ हवं' म्हणून इथं येऊन राहिले होते. तेव्हापासून आत्याच्या दोन खोल्यांत जागा कमी आणि मतं जास्त झाली होती.

"दादा," ती एका बुटात लंगडत आत आली, "कुठला क्रम?"

दादांनी चष्मा कपाळावर चढवला. समोर टाचणीचा लॅपटॉप उघडा, शेजारी त्यांची वही, वहीवर पट्टीनं आखलेल्या पाच ओळी.

"हे बघ. तिनं पहिल्या दोन ओळींत लिहिल्या होत्या त्या पाच-पाच वर्षांच्या सर्जरीच्या जागा. एक तुझ्या हॉस्पिटलची, एक ती नदीपलीकडची. त्या मिळणार नाहीत, हे तीही जाणते. मग त्या दोन एकेक वर्षाच्या. वर्षभर राबवून घेतात आणि पुढं नमस्कार. आणि ती लहान गावातली फॅमिली मेडिसिनची जागा, जिथल्या बाईंनी हिला आपणहून गोड पत्र पाठवलं, ती हिनं यादीतच घेतली नव्हती! यादीतच नाही! बाहेर ठेवलेली! मी ती पहिली केली."

"पहिली."

"पहिली. हातातली सोडून पळत्याच्या मागं लागू नये, एवढं तर कळतं ना?"

आत्या खुर्चीवर बसली. ओरडणार होती, पण आधी दुसरा बूट काढावा म्हणून खाली वाकली, आणि वाकल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण देवाला विचारतोय, देवा, या माणसाला तू एवढं चांगलं मन दिलंस, ते थोडं कमी देऊन त्याच्या बोटांना थोडा आळस दिला असतास तर तुझं काय बिघडलं असतं?

"पासवर्ड कुठून आला तुझ्याकडे?"

"पहिल्या वर्षीचा. मीच तर भरला होता तेव्हा. तिनं बदललाच नाही." दादांच्या स्वरात किंचित नाराजी होती. "हे बेजबाबदारपणाचंच आहे म्हणा."

शेजारच्या खोलीतलं शिलाईयंत्र थांबलं. वहिनी दारात आल्या, ओठांत दोन टाचण्या, हातात कुणाच्या तरी पँटचा पाय. त्या आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे मापात बसवत आल्या. लेक लहानपणी त्यांच्या यंत्राखाली बसून सांडलेल्या टाचण्या वेचायची, वेचून आल्यागेल्याला टोचायची, त्यावरून तिला ते नाव पडलं ते पडलंच. आता ती बत्तीस वर्षांची डॉक्टर होती. नाव तेच होतं, टोचणंही.

"तुम्हाला माहीत होतं, वहिनी?"

वहिनींनी टाचण्या ओठांतून काढून पँटमध्ये खोचल्या. घाई न करता.

"भाऊजींनी विचारलं होतं मला."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"मी म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. ताई, तिसरं वर्ष आहे हे. पहिल्या वर्षी एकानंही बोलावलं नाही. दुसऱ्या वर्षी एकानं बोलावलं आणि घेतलं नाही. जूनमध्ये तिची ती प्रयोगशाळेतली उंदरांची नोकरी संपते, तिच्याबरोबर इथं राहायचा कागद संपतो. मग काय करायचं तिनं? आपल्याकडे परत येऊन पहिल्या पायरीवर उभं राहायचं, तिच्याहून आठ वर्षांनी लहान पोरांच्या रांगेत? मला झोप लागत नाही."

"मला कुठं लागते?" आत्या म्हणाली.

"आज मला लागली होती," आतल्या पलंगावरून आवाज आला. आत्याचे यजमान बस चालवत. पहाटेची पाळी करून दुपारी झोपायचे. सगळं कुटुंब, टाचणीसकट, त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणे, एक टाचणीच लाडात आली की आतोबा म्हणायची. "आता नाही लागत. चालू द्या."

आणि नेमकी तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली.

टाचणीच्या खांद्यावरची पिशवी खाली पडायच्या आत तिला कळलं. काही माणसांना घरातली हवा कळते. तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे, मग वहीतल्या आखलेल्या ओळींकडे.

"काका. काय केलंत?"

दादांनी सांगितलं. न लपवता, न चाचरता, एखाद्या बऱ्या झालेल्या रोग्याची हकीकत सांगावी तसं. टाचणीनं ऐकून घेतलं. तिनं आरडाओरडा केला असता तर आत्याला बरं वाटलं असतं. ती घड्याळाकडे बघत म्हणाली, "सहापर्यंत बदलता येतं. तीन पस्तीस झालेत. ठीक आहे. काका, उठा."

"बस आधी. समजून घे."

"काका, उठा म्हटलं ना."

"समजून घेतल्याशिवाय मी उठणार नाही."

दादा खरंच उठले नाहीत. लॅपटॉप त्यांच्या दोन हातांमध्ये होता, आणि त्यांनी हात टेबलावर असे ठेवले होते की मध्ये कुणाचा हात शिरू नये. एकतीस वर्षांची काउंटरवरची बैठक ती. तिच्यापुढं भलेभले पालक थकून गेले होते.

टाचणी समोरच्या खुर्चीवर बसली. "बरं. काका, हे तुमच्या कार्यालयासारखं नाही. मी शंभरदा सांगितलंय."

"एकशेएकदा सांग."

"पहिल्या दारावर मी गेले. ते नाही म्हणाले. मग मी दुसऱ्या दारावर जाते."

"आणि तिथं पहिल्या फेरीतली मुलं आधीच बसलेली असतात. जागा भरली! मी डोळ्यांनी बघितलंय, एक ना दोन."

"तुमच्याकडे बसलेली असतात. इथं बसलेल्याला उठवतात. दुसऱ्या दाराला त्याच्यापेक्षा मी जास्त आवडले असेन तर तो उठतो आणि मी बसते. शेवटपर्यंत सगळ्यांची जागा कच्चीच. सगळी दारं फिरून झाली की मग पक्की."

"बसलेल्याला उठवतात?"

"हो."

"तो तक्रार करत नाही?"

"त्याला कळतच नाही, काका. हे सगळं यंत्राच्या पोटात होतं. आपल्याला फक्त शेवट कळतो."

दादांनी यावर बराच विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर बसलेल्याला उठवणाऱ्या व्यवस्थेबद्दलचा खोल अविश्वास दिसत होता. बसलेल्या माणसाला उठवण्याची ताकद ज्या कार्यालयात आहे, ते कार्यालय चांगलं असूच शकत नाही, असं त्यांचं मत असावं.

"म्हणजे तुझं म्हणणं, अवघड जागा वर लिहून सोपी खाली लिहिली तर सोपी हातची जात नाही."

"जात नाही."

"मग खाली तरी लिही ना!" दादांनी टेबलावर हात आपटला, पण लगेच परत लॅपटॉपच्या बाजूला नेऊन ठेवला. "पाचवी लिही! ती यादीतच नाही, ते का? सांग ना तुझ्या आईला, का नाही?"

इथं आत्यानं डोळे मिटले. या एका बाबतीत तिला दादांचं पटत होतं, आणि दादांचं पटतंय हे दादांसमोर कबूल करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"कारण जिथं नाव निघतं तिथं जावंच लागतं," टाचणी म्हणाली. "नको म्हणायची सोय नसते. मला नाही व्हायचं फॅमिली मेडिसिनचं डॉक्टर. वाईट नाही ते काम. तुम्ही आजारी पडलात तर देव करो आणि तुम्हाला तसा चांगला डॉक्टर मिळो. पण मी चांगली होणार नाही. मी तिथं रोज बसून दुसऱ्या खोलीतल्या कात्रीचा आवाज ऐकेन."

"आणि काहीच मिळालं नाही तर?" वहिनी म्हणाल्या.

"तर नाही मिळालं."

"असं कसं, नाही मिळालं! तोंड वर करून म्हणते, नाही मिळालं!" वहिनींच्या हातातली पँट टेबलावर पडली. "भाऊजी बरोबर करतायत. पहिली नको तर नको, पण पाचवी घाल. माझं ऐक. एक शब्द माझा ऐक."

"आई, तू पण?"

"मी पण! डॉक्टर झालीस तेव्हापासून सात वर्षं मी तुझंच ऐकतेय!"

मग तासभर जे चाललं त्याला संवाद म्हणणं म्हणजे संवादाचा अपमान. दादा आकडे सांगत होते, वहिनी जून महिना सांगत होत्या, टाचणी एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती की काका, उठा. आणि सगळ्यांच्या वर आत्याचा आवाज होता, कारण तिला ऑपरेशन थिएटरमध्ये मुखपट्टीआडून बोलायची सवय होती आणि मुखपट्टी नसली की तो आवाज भिंतीला लागे. ती म्हणत होती की पोरीचं आयुष्य आहे, दुसऱ्याच्या यादीला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं, या घरात कुणाला कुणाची लाज उरली नाही, कुणी कुणापासून काही राखून ठेवत नाही, कुणाचं काही खाजगी म्हणून...

"तू तुझ्या हॉस्पिटलातल्या त्या मोठ्या सर्जनशी बोललीस, ते सांगितलंस का तिला?"

ड्रायव्हरसाहेब दारात उभे होते. केस विस्कटलेले, बनियन उलटा. त्यांनी शांतपणे, गर्दीत वाट मोकळी मागावी तसं, ते वाक्य टाकलं होतं.

सगळे थांबले. आत्याही थांबली. पण तिचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"काय बोललीस, आत्या?" टाचणीनं विचारलं.

कधी कधी माणसाला आपल्याच घरच्यांचा इतका राग येतो की त्या रागातही देवाचा हात असावा असं वाटतं, कारण त्यांनी नसतं सांगितलं तर आपण जन्मभर सांगितलं नसतं. आत्यानं नवऱ्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर परत झोपायला गेला असता. तो गेला नाही.

"तीन आठवडे झाले," ती म्हणाली. "ऑपरेशन संपत आलं होतं. मी शेवटची मोजणी करत होते, ते टाके घालत होते. मी म्हटलं, माझी भाची तुमच्याकडे इंटरव्ह्यूला येऊन गेली. ते म्हणाले, आठवते. हात चांगले आहेत. मी म्हटलं, मग? तर म्हणाले, पाच वर्षांच्या जागांना माझ्याकडे माझेच विद्यार्थी अकरा उभे आहेत. तिला तिथं वर घेणं जमणार नाही. एक वर्षाची म्हणाल तर उद्या घेतो."

टाचणीनं वही स्वतःकडे ओढली.

"आणि पुढं म्हणाले," आत्यानं उरलेलंही सांगून टाकलं, आता अर्धं कशाला ठेवायचं, "असे हात मिळाले की आम्ही दोन वर्षंही ठेवतो. एक संपलं की पुन्हा एक."

"म्हणजे फुकटचे हात," टाचणी म्हणाली.

"पगार देतात."

"आत्या."

"हो. फुकटचे हात."

"आणि हे तू मला तीन आठवडे सांगितलं नाहीस. मी रोज इथं बसून त्या चार ओळी खालीवर करतेय, तू समोर बसून चहा पितेस, आणि म्हणतेस, पहिली आमचीच ठेव बरं का."

"तू खचशील असं वाटलं मला. खचलीस की दादाचं ऐकशील." तिचा आवाज उतरला. "आणि खरं सांगू? मला तू माझ्या टेबलावर हवी होतीस. मी अवजार हातात देणार आणि तू घेणार. मी सगळ्या थिएटरला सांगून ठेवलंय."

दादांनी घसा खाकरला. ते विजयी दिसायला हवे होते. दिसत नव्हते.

"ऐकलंस ना?" ते टाचणीला हळूच म्हणाले. "आता तरी पाचवी घाल. पहिली नको. मी पहिली मागत नाही आता. पाचवी."

"काका, तुम्हाला एवढं का लागतंय? खरं सांगा."

दादांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

"या घरातून माझ्या मनाविरुद्ध वरची जागा पहिली लिहून एकच फॉर्म गेलाय. तुझ्या बापाचा. मी कार्यालयात नवीन होतो. तो रांगेतून माझ्याच खिडकीवर आला. मी म्हटलं, फार्मसी पहिली लिही, हमखास आहे. तो म्हणाला, दादा, मेडिकल पहिलं. मी म्हटलं, तुझी मर्जी. शिक्का मीच मारला." त्यांनी चष्म्याची काडी मिटली. "मेडिकल गेलं. फार्मसीही भरली. जन्मभर दुसऱ्याच्या औषधाच्या दुकानात उभा राहिला."

हे टाचणीला माहीत होतं, पण असं नाही. खिडकी आणि शिक्का तिला माहीत नव्हता. आत्यालाही नव्हता.

वहिनी टेबलाला धरून उभ्या होत्या. "त्यांनी तुम्हाला कधी बोल लावला?"

"नाही. एकदाही नाही. तेच तर."

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम शिवणाऱ्या बाईचा झाला, कापडाचा दोष सापडलेला, "म्हणजे इतका वेळ तुम्ही माझ्या नवऱ्याचाच फॉर्म भरताय."

दादांनी चष्मा टेबलावर ठेवला.

"त्यांना ते दुकान आवडायचं. तुम्ही विचारलंच नाहीत कधी. म्हातारी माणसं औषध न घेता नुसती बोलायला यायची त्यांच्याकडे. हे खरं की डॉक्टर व्हायचं राहिलं, ते बोलायचे कधीमधी. पण तुमच्या शिक्क्याचं ओझं त्यांनी तुमच्या खांद्यावर ठेवलं नव्हतं, ते तुम्हीच उचलून घेतलंत. आता ते माझ्या पोरीच्या डोक्यावर नका ठेवू." त्यांनी पँट उचलली. "मी हो म्हटलं होतं ते मागं घेतलं. उठा तुम्ही."

"तूच तर मघाशी..."

"मघाशी म्हटलं ते मघाचं."

दादांचे हात क्षणभर सैल पडले. तेवढा क्षण टाचणीला पुरला. लहानपणापासून यंत्राखालून टाचणी उचलायची सवय. लॅपटॉप बंद झाला, बगलेत गेला, आणि ती खोलीबाहेर. त्या घरात आतून कडी लागेल असं एकच दार होतं. न्हाणीघराचं. कडी वाजली.

"अगं!" आत्या म्हणाली.

"सगळे लांब व्हा," आतून आवाज आला. "पाच वाजायला आलेत."

पण लांब कोण होणार? चौघं दारापुढं उभी राहिली, कुणी मेलंय की कुणी जन्मतंय हे न कळल्यासारखी.

"पाचवी!" दादांनी दाराला तोंड लावून सांगितलं. "नुसती पाचवी!"

"तिला बोलू नका आता," वहिनी म्हणाल्या, आणि लगेच स्वतःच, "नीट विचार कर गं!"

"तुम्ही बाजूला व्हा, मला तिच्याशी एक शब्द बोलायचाय," आत्या म्हणाली.

"तू तर बोलूच नकोस," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

आतून काहीच आवाज नव्हता. साधं बटण दाबल्याचाही नाही. वीस मिनिटं गेली. दादा एका पायावरून दुसऱ्या पायावर गेले, मग परत पहिल्यावर. चेहरा हळूहळू गंभीर झाला, आणि ती गंभीरता विचाराची नव्हती.

"टाचणी. बाळा. मला जायचंय."

"थांबा काका."

"अगं, वय झालंय माझं. फार थांबवत नाही."

"मी सात वर्षं थांबलेय. तुम्ही दहा मिनिटं थांबा."

वहिनी आधी हसल्या. तोंडाला पदर लावून, पण खांदे हलत होते. मग ड्रायव्हरसाहेब. आत्याला हसायचं नव्हतं, तिला अजून तीन आठवड्यांची लाज वाटत होती, पण हसू अंगात असं चढलं की तिनं भिंतीला हात लावला. शेवटी दादाही हसले, एका हातानं दार ठोठावत आणि दुसऱ्या हातानं पोट धरून, आणि हसू नका रे, हसलं की अजून अवघड होतं, असं म्हणत.

पाच चाळीसला कडी निघाली. टाचणी बाहेर आली. डोळे लाल होते पण चेहरा धुतलेला होता. दादा तिच्याशेजारून वाऱ्यासारखे आत गेले.

ते परत येईपर्यंत कुणी काही विचारलं नाही. हा एवढा सभ्यपणा त्या घरानं दाखवला. दादा हात पुसत आले आणि समोर उभे राहिले.

"झालं?"

"झालं."

"बटण?"

"दाबलं."

"एक प्रत काढून दे मला. ठेवायला."

"नाही, काका."

दादांनी कान पुढे केला, ऐकू आलं नसावं तसा. या घरात त्यांना कागदाच्या बाबतीत 'नाही' असं कुणी म्हटलं नव्हतं.

"पासवर्डही बदललाय," टाचणी म्हणाली. "पाचवी ओळ आहे का नाही, पहिली कुणाची, आत्याचं हॉस्पिटल वर आहे का खाली, एक वर्षाच्या जागा आहेत का काढल्या, मी कुणाला सांगणार नाही. तीन आठवड्यांनी निकाल आहे. तेव्हा कळेल. नाव निघालं तर माझ्या यादीनं निघेल. नाही निघालं तर माझ्या यादीनं नाही निघणार. त्या दिवशी मला 'मी तेव्हाच सांगितलं होतं' असं कुणी म्हणायला नको. तुम्हाला माहीतच नसेल की मी तुमचं ऐकलं का नाही."

"आईला तरी," वहिनी म्हणाल्या.

"आईलाही नाही."

आत्याच्या जिभेच्या टोकाशी प्रश्न आला होता. तिनं तो गिळला. इतका कडू घोट तिनं आयुष्यात गिळला नव्हता.

एकतीस वर्षांत हजारो मुलं दादांच्या खिडकीसमोरून गेली, त्यांच्यातलं एकही असं फॉर्म मुठीत धरून निघून गेलं नसेल. मग ते हळूच म्हणाले,

"नाव... नाव नीट लिहिलंयस ना? परीक्षेच्या दाखल्यावर आहे तसंच?"

"हो काका."

"जन्मतारीख?"

"काका."

"बरं, बरं," दादा म्हणाले, आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा. किती पाणी घालायचं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि तेही त्यांनी कुणाला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आत्या अवजारं मांडून तयार होती. मोठे सर्जन बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धूत होते. बावीस वर्षांत त्यांनी तिला कात्री मागितली होती, चिमटा मागितला होता, दिवा जरा इकडे घ्या म्हटलं होतं. दुसरं काही विचारल्याचं तिला आठवत नव्हतं.

"तुमच्या भाचीची यादी गेली असेल ना काल?"

"गेली, साहेब."

"आमच्या यादीत एक वर्षाच्या जागेला तिचं नाव वर आहे, तिला सांगितलंत ना?"

"सांगितलं. सगळं सांगितलं."

त्यांनी कोपरानं नळ बंद केला. हात वर धरून, थेंब गळू देत, ते दारातून आत आले. "मग? आम्ही कितवे?"

ही नुसती चौकशी होती की आणखी काही, हे तिला कळेना. त्यांच्या मुखपट्टीवरचे डोळे मात्र उत्तराची वाट बघत होते. एवढा मोठा माणूस, आणि वाट बघताना अगदी दारापुढं उभ्या राहिलेल्या दादांसारखाच दिसत होता. तिला हसू आलं, आणि पाठोपाठ एक शांत, गार समाधान. तेही देवानंच दिलं असावं, कारण मागितलेलं नव्हतं.

"माहीत नाही, साहेब."

"माहीत नाही? तुमच्याच घरात राहते ना ती?"

"घरातही कुणाला माहीत नाही. तिच्या आईलासुद्धा नाही."

"मग आता?"

"आता काय, साहेब. थांबा," आत्या म्हणाली, आणि तिनं त्यांच्यापुढं गाऊन उघडून धरला. "आम्हीही थांबलोय."